वहीतली पहिली ओळ औषधाची

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आठवडी बाजाराचा दिवस, दवाखान्यात गर्दी. बावन्न वर्षांच्या एका बाईंना त्यांच्या मुलाने रिक्षातून आणले. तोंड वाकडे झालेले, उजवा हात लुळा पडलेला, बोलणे अडखळत होते. रक्तदाब मोजला तर वरचा आकडा २१०! चार वर्षांपासून माझ्याकडेच त्यांची रक्तदाबाची गोळी चालू होती. "गोळी रोज घेता ना?" मी विचारले. उत्तर सुनेने दिले. "डॉक्टरसाहेब, वीस तारखेनंतर आत्याबाई गोळी घेतच नाहीत. म्हणतात, पगार झाला की आणू."

बाईंना तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले. जीव वाचला, पण उजव्या हाताने भाकरी थापणे कायमचे थांबले. गाडीभाडे, तपासण्या, बिल मिळून पाऊण लाखाच्या वर खर्च झाला. हातातल्या पाटल्या गहाण पडल्या. आणि दर महिन्याला दहा दिवस गोळी चुकवून वाचत किती होते? शंभर रुपयेसुद्धा नाहीत.

पुढे सुनेने मला घरखर्चाची वही दाखवली. हिशेब चोख होता. दूध, किराणा, गॅस, लाईट बिल, शाळेची फी, मोबाईलचा रिचार्ज, भिशी, लग्नाचे आहेर, सगळ्यांच्या ओळी होत्या. औषधाची मात्र नव्हती. ते 'किरकोळ' या सदरात होते. माझी तक्रार आहे ती इथेच. किरकोळ म्हटले की महिनाअखेरीस पहिली कात्री त्यालाच लागते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. पण अंथरूण अपुरे पडले की पाय कोण आखडते? बहुतेक घरांत आईच. नवऱ्याची शुगरची गोळी येते, मुलाचे सर्दीचे औषध येते. स्वतःची गोळी ती अर्धी करते, नाहीतर बंद करते. त्रास काहीच जाणवत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. रक्तदाबाचा धोका हाच आहे. तो बहुधा आधी दुखत नाही.

म्हणून माझे सांगणे असे की पगार किंवा मजुरी हातात आली की वहीतली पहिली ओळ औषधाची लिहावी. घरात कुणाकुणाला रोजची गोळी आहे ते मोजावे आणि पूर्ण तीस दिवसांचे औषध किराण्याबरोबरच आणून ठेवावे. अचानकच्या आजारासाठी दुसरी रक्कम वेगळी ठेवावी. ती थोडी असली तरी चालेल, पण तिच्यातून आहेर होता कामा नये. शेतकरी कुटुंबाला महिन्याचा पगार नसतो. त्यांनी सोयाबीनची, कापसाची पट्टी हाती पडेल त्याच दिवशी ही रक्कम बाजूला काढावी.

"हातावर पोट असणाऱ्याने कुठून काढायची?" असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्यांनी सरकारी दवाखान्याचा रस्ता कमीपणाचा मानू नये. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारांपर्यंत सेवा मोफत आहेत. रक्तदाब व मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात. कधी साठा संपलेला असतो, हेही मी जाणतो. तेव्हा जनऔषधी केंद्रात जावे. तेच औषध तिथे बरेच स्वस्त मिळते. तुमच्या डॉक्टरांनाही स्पष्ट सांगावे, "परवडेल असे लिहून द्या." यात लाज कसली? लाज वाटायची असेल तर ती गरज नसताना अंगात ताकद यावी म्हणून हट्टाने सलाईन लावून घेण्याची वाटावी. आणि तंबाखूच्या पुडीचा हिशेबही एकदा करावा. रोजचे दहा रुपये म्हटले तरी वर्षाचे ३,६५० होतात. तेवढ्यात आईची वर्षभराची गोळी सहज बसते.

आणखी एक गैरसमज आहे. "आपल्याकडे कार्ड आहे ना, मग काळजी कशाला?" महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मोलाची आहे. कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण तिच्यात मिळते. पण ती कामी येते रुग्णालयात दाखल झाल्यावर, ठरावीक उपचारांसाठी आणि योजनेतल्याच रुग्णालयात. रोजची गोळी ते कार्ड आणून देत नाही. या बाईंना नेले ते रुग्णालय योजनेत नव्हते आणि धावपळीत ते विचारायचे कुणाला सुचलेही नाही. आपल्या भागातली योजनेतली रुग्णालये कोणती, हे आजच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. आधार कार्ड आणि रेशन कार्ड सापडेल अशा जागी ठेवावे.

काटकसर हा आपल्या घरांचा चांगला गुण आहे. तो टाकावा असे मी म्हणणार नाही. पण डॉक्टरांनी कायम घ्यायला सांगितलेल्या गोळीत काटकसर करू नये. गोळी महाग वाटली तर डॉक्टरांना विचारून बदलून घ्यावी, आपल्या मनाने बंद करू नये.

घरातल्या पुरुषमंडळींना एक विनंती. घरखर्चाची वही बायकोच्या अंगावर टाकून मोकळे होऊ नका. आज रात्री जेवण झाल्यावर आईला आणि बायकोला विचारा, "तुझ्या गोळ्या किती उरल्यात?" "आहेत, आहेत" एवढ्यावर समाधान मानू नका. पाकीट हातात घेऊन गोळ्या मोजून पाहा.