गाडी बघू नको, मालक बघ!

परवा रात्री साडेअकराला दादाचा फोन. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, इंग्लंडात रेडिंगला आयटीत आहे.

"अगं, गाडी घेतोय. तीन शॉर्टलिस्ट केल्यात. तू गाड्यांवर लिहितेस ना, सांग कुठली घेऊ."

नावं ऐकून झोपच उडाली. ॲस्टन मार्टिन डीबी९, मासेराती ग्रान टुरिस्मो आणि जॅग्वार एक्सके! इकडे माझ्या नावावर एक सेकंडहॅन्ड स्कूटर. असो.

तिन्ही 'ग्रँड टूरर' जातीच्या. म्हणजे डिकीत बॅगा टाकून दोघांनी दिवसभर लांब जायचं, आणि उतरताना पाठ धरलेली नसली पाहिजे. दहा-पंधरा वर्षांत या गाड्या इतक्या उतरतात, की तिकडे नव्या फॅमिली कारच्या पैशात मिळतात. फसायला होतं ते इथेच. किंमत उतरते, मेंटेनन्स नाही! डीबी९चं व्ही१२ इंजिन घ्या. बारा सिलिंडर, बारा इग्निशन कॉइल, आणि त्या बदलायच्या तर आधी वरचा इनटेक मॅनिफोल्ड उतरवा. मासेरातीचा व्ही८ फेरारीच्या कारखान्यातला. आवाज तसा, बिलही तसंच. एक्सके त्यातल्या त्यात सोपी, कारण तिचं इंजिन जॅग्वारच्या सेडानमध्येही असतं, पार्ट मिळतात.

"पण हे आत्ताच कसं सुचलं?"

दादा जरा गप्प झाला. "बाबा येतायत एप्रिलमध्ये. आई गेल्यावर पहिल्यांदाच. दोघांचं स्कॉटलंड बघायचं ठरलं होतं. म्हटलं, आता मी नेतो."

मग मात्र मी उठून लॅपटॉप लावला. इंग्लंडात गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची एमओटी नावाची तपासणी होते. सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाका, सगळे निकाल फुकट दिसतात. किती मैल चालली, पास की नापास, काय शेरे. अगदी शाळेचं प्रगतिपुस्तक!

डीबी९: वर्षाला जेमतेम ३०० मैल. दादा खूश, "बघ, वापरलीच नाहीये!" अरे, तोच तर प्रॉब्लेम! उभ्या गाडीचे रबरी सील सुकतात, बॅटरी बसते, टायर न झिजताच म्हातारे होतात.

मासेराती: सस्पेन्शनच्या बुशचा एकच शेरा, सलग तीन वर्षं. मालकाने वाचला आणि सोडून दिला.

एक्सके: ८२ हजार मैल. पण एका वर्षीचा शेरा पुढच्या वर्षी गायब. कुणीतरी दर वेळी खिशात हात घालून काम करून घेतलं होतं.

"पण ॲस्टन ती ॲस्टन गं..." दादा कळवळला. खरंय. भिंतीवर पोस्टर ॲस्टनचंच लागतं. पण इन्व्हर्नेसच्या वाटेवर, भर पावसात, सत्तरीतले काका शेजारी असताना टोइंग व्हॅनची वाट बघत बसायचं का?

शनिवारी तो एक्सके बघायला गेला. बजेटचा पाचवा हिस्सा रिपेअरसाठी बाजूला ठेवायला लावला मी. आणि एक होमवर्क दिला: काकांसारखा गुडघा धरून चार वेळा आत बस, चार वेळा बाहेर ये. या गाड्या बुटक्या, दारं लांबलचक, चिकटून लावलेल्या दोन गाड्यांच्या मधे उतरायची पंचाईत. मागची सीट तर बॅगेपुरतीच. पण दोघंच जाणार, चालेल.

रविवारी गाडी घरी आली. दादाने काकांना फोटो पाठवला. काकांची सगळी नोकरी पिंपरीला टेल्कोत झालेली. कौतुक राहिलं बाजूला, आधी प्रश्न आला, "मॉडेल कितीचं?"

"२०१०."

जॅग्वार टाटांनी घेतली २००८ मध्ये. काकांनी मनातल्या मनात हिशेब केला असणार. दोन मिनिटांनी उत्तर आलं.

"मग घरचीच की रे!"