उठून बसा, म्हणजे नक्की काय करा?

मंडळी, आजचा विषय वरवर व्याकरणाचा आहे, पण घाबरू नका. सुरुवात दवाखान्यातून करतो.

गेल्या पावसाळ्यात आई गावी न्हाणीपाशी घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. गाव आमचं धाराशिव जिल्ह्यातलं, उमरगा तालुक्यात. तिला पुण्याला आणलं, ऑपरेशन नीट पार पडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्ट आली. दुसऱ्या राज्यातली, पंचविशीची, स्वभावाने फार गोड पोरगी. पलंगापाशी उभी राहून म्हणाली, "आंटी, सिट अप. स्लोली."

आई सातवी शिकलेली. तिचं इंग्रजी म्हणजे आम्ही भावंडं ओसरीवर शाळा-शाळा खेळायचो तेव्हा कानावर पडलेलं. 'सिट डाऊन' म्हणजे बसा, 'स्टँड अप' म्हणजे उभे राहा. तिने सरळ हिशोब केला. डाऊन आलं की बसायचं, अप आलं की उभं राहायचं! कोपरावर जोर देऊन उठली, पाय पलंगाखाली सोडले आणि ऑपरेशनच्या पायावर भार टाकून उभीच राहायला निघाली. त्या पोरीने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने धरलं म्हणून निभावलं. धाप लागलेली आई मला विचारते, "आरं बाबा, ती ऊठ म्हणली का बस म्हणली?"

मी इतकी वर्षं इंग्रजीत कोड लिहितोय, इंग्रजीत मेल पाठवतोय, पण या प्रश्नाचं उत्तर मला पटकन देता आलं नाही. कारण ती दोन्ही म्हणाली होती.

आता जरा शांतपणे बघू. 'सिट' म्हणजे बसलेली अवस्था. माणूस उभा असेल तर बसण्यासाठी अंग खाली जातं, म्हणून 'डाऊन'. माणूस आडवा असेल तर बसण्यासाठी धड वर येतं, म्हणून 'अप'. पोचायचं ठिकाण एकच, रस्ते दोन. शेवटचा छोटा शब्द रस्ता सांगतो, बस्स. आणि गंमत म्हणजे मराठीही हेच करते. उभ्या माणसाला आपण 'खाली बस' म्हणतो आणि आडव्याला 'उठून बस'. मराठीत रस्ता आधी येतो, इंग्रजीत नंतर येतो. एवढाच फरक. हा फरक मला शाळेत कुणी सांगितला नाही.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. जिल्हा परिषदेच्या शाळेत सर फळ्यावर दोन रकाने आखायचे. डावीकडे गेट अप, सिट अप, लाय डाऊन, लीन बॅक, टर्न ओव्हर, बेंड ओव्हर. उजवीकडे मराठी अर्थ. वहीत उतरवा, उद्या पाठ करून या. दुसऱ्या दिवशी 'बेंड ओव्हर'चा अर्थ आला नाही की शिक्षा ठरलेली: अंगठे धरून ओणवे उभे राहा. म्हणजे बघा, ज्याला 'बेंड ओव्हर' सांगता येत नव्हतं तो दहा मिनिटं तेच करत उभा असायचा! :) शब्द तोंडाने पाठ करून घेतला, कृती अंगाकडून करून घेतली, फक्त दोघांची गाठ घालून दिली नाही.

सरांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनाही तसंच शिकवलं होतं. पुढे २००० साली राज्याने पहिलीपासून इंग्रजी आणलं, तेव्हा लहान वर्गांत अभिनयगीतं, सूचना ऐकून कृती करणं वगैरे आलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेवर बंदी आली, म्हणजे अंगठे धरणंही गेलं. पण माझा पुतण्या आठवीत आहे, त्याची वही परवा चाळली. दोन रकाने जिथल्या तिथे! पोरं वरच्या वर्गात गेली की इंग्रजी पुन्हा अंगातून निघून वहीत जाऊन बसतं.

इंजिनिअरच्या नजरेने बघा. सिट, स्टँड, लाय, लीन, बेंड, टर्न अशी मोजकी क्रियापदं. अप, डाऊन, ओव्हर, बॅक, फॉरवर्ड अशा मोजक्या शेपट्या. पाच-सहा दिशा अंगात भिनल्या की त्यातल्या बहुतेक जोड्यांचा अर्थ आपसूक उलगडतो. आपण मात्र प्रत्येक जोडी वेगळी नोंद म्हणून पाठ करून घेतो. असा प्रोग्राम कुणी लिहिला तर आपण त्याला दुसऱ्या दिवशी परत लिहायला लावू.

मान्य आहे, सगळ्या जोड्या अशा उलगडत नाहीत. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, हे अंग हलवून कळत नाही, तिथे पाठांतर आलंच. पण पुष्कळ लाक्षणिक अर्थसुद्धा शरीरातूनच निघतात. एकदा रात्री सर्व्हर कोसळला होता. साडेबाराला दुरुस्त झाला आणि परदेशातल्या साहेबाने लिहिलं, 'स्टँड डाऊन'. मला वाटलं, सज्ज राहा. मी पहाटे चारपर्यंत स्क्रीनसमोर बसून राहिलो! त्याला म्हणायचं होतं, पहारा संपला, जाऊन झोपा. ताठ उभा असलेला शिपाई सैल होतोय असं चित्र डोळ्यांसमोर असतं, तर माझी रात्र वाचली असती.

आता कुणी म्हणेल, ही इंग्रजीचीच खोड आहे, आपली मराठी कशी सरळ. छे हो! 'मी भलतंच कबूल करून बसलो.' कुठे बसलो? 'गाव पेटून उठलं.' आधी झोपलं होतं का? 'तो रागात बोलून गेला.' बोलला आणि इथेच उभा आहे की! बसणे, उठणे, जाणे ही अंगाची क्रियापदं आपण मनाच्या छटा दाखवायला सर्रास वापरतो. आपल्याला ती खटकत नाहीत, कारण ती आपण यादीतून शिकलो नाही.

परत दवाखान्यात येतो. त्या दिवशी दुपारी मी एक चिठ्ठी तयार केली. आठ सूचना, मराठी शब्द तिला वाचता येतील अशा रोमन अक्षरांत. उठून बसा, टेकून बसा, कुशीवर वळा, पाय खाली सोडा, पुढे वाका, उभ्या राहा, वगैरे. तिने वाचली आणि पहिल्याच ओळीला अडली. म्हणाली, "उठा म्हणजे उठून उभं राहणं ना? मग आधी उभं करायचं आणि मग बसवायचं?" मी आणि आई दोघंही हसत सुटलो. सकाळी आई जिथे अडकली होती, दुपारी ही तिथेच अडकली.

पण दोन दिवसांत तिने आठही सूचना उचलल्या. कारण ती बोलायची आणि समोर आईचं अंग हलायचं. शब्द चुकला की अंग चुकीचं हलायचं, लगेच कळायचं. आणि आईसुद्धा 'सिट अप', 'लीन फॉरवर्ड' ओळखायला लागली. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या सॅन होजेच्या जेम्स अ‍ॅशर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने नेमकी हीच पद्धत मांडली होती. शिक्षकाने सूचना द्यायची, विद्यार्थ्याने ती अंगाने पाळायची, बोलायची घाई करायची नाही. त्याला त्याने 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स' असं भारदस्त नाव दिलं. खर्च शून्य. टॅब नको, प्रोजेक्टर नको, स्मार्ट वर्ग नको.

आणि उदाहरणं आमच्या जिल्ह्यात ढिगाने पडलीयत. तुळजापूरची भवानीची मूर्ती चल आहे, वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून पलंगावर नेतात. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर अश्विन पौर्णिमेपर्यंतची ती श्रमनिद्रा. आमच्याकडच्या पोरांना हे सांगावं लागत नाही. देवी निजते आणि देवीला निजवतात. 'लाय डाऊन' आणि 'ले डाऊन' यांत भल्याभल्यांचा गोंधळ उडतो, तो इथे एका वाक्यात मिटतो. स्वतः निजली तर लाय, दुसऱ्याने निजवली तर ले. मांडी घालणे, उकिडवं बसणे, लोटांगण घालणे हे तर पोरांच्या अंगातच आहे. इंग्रजीत यातल्या एकेकासाठी काय म्हणतात हे शोधायला लावा, तास कसा संपला कळणार नाही.

एक आक्षेप मला ठाऊक आहे. पुण्यातल्या दवाखान्यात मराठी बाईशी मराठीत बोलायला हवं, तिने इंग्रजी का शिकावं? शंभर टक्के मान्य. रुग्णाला सूचना त्याच्याच भाषेत मिळाली पाहिजे, ती काही मेहेरबानी नाही. पण तशी सोय होईपर्यंत आमच्या भागातली माणसं सोलापूर-पुण्याच्या दवाखान्यांत येतच राहणार, आणि पोरं इंग्रजी शिकतच राहणार. शिकवायचंच आहे तर असं शिकवा की अडीनडीला ते अंग सावरेल.

असो. आई आता काठी टेकत ओसरीपर्यंत चालते. काल रात्री फोन केला तर म्हणाली, "पडले होते जरा, थांब, सिट अप होते आन् मग बोलते."

वाक्यरचना आमच्या सरांना पटली नसती. पण अर्थात एक काना-मात्रेची चूक नव्हती. :)