सिंहानं कडबा खावा म्हणे

एडवर्ड हिक्स हा अमेरिकेतला चितारी. १७८० ते १८४९. धंदा बग्ग्या आणि पाट्या रंगवायचा, धर्मानं क्वेकर. हातानं कमावून खाणारा माणूस, त्या बाबतीत आपलं त्याच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते चित्राशी. ‘पीसेबल किंगडम’, म्हणजे शांततेचं राज्य. एकच चित्र त्यानं साठेक वेळा काढलं.

हिरवा माळ, झाडी, नदी. सिंह, बिबळ्या, लांडगा, आणि त्यांच्या अंगाला अंग लावून बैल, कोकरू, गुबगुबीत पोरं. बायबलातल्या यशयाचं भाकीत आहे ते : सिंह बैलासारखा कडबा खाईल. बघणारे म्हणतात, काय निरागस चित्र!

मी विचारतो, उपाशी कुणी राहायचं? सिंहानं. नखं कुणी आवरायची? बिबळ्यानं. आणि माळाला कुंपण घालणाऱ्यानं काय सोडायचं?

आता जनावरांच्या मागं बघा. बऱ्याच चित्रांत तिथं बोटभर माणसं आहेत. विल्यम पेन लेनापे लोकांशी तह करतोय, १६८२ चा. (या शांतिदूताच्या घरी गुलाम होते, हे जाता जाता.) हा देखावा हिक्सनं बेंजामिन वेस्टच्या चित्रावरून उचलला. आणि वेस्टला ते काढायला लावलं कुणी? टॉमस पेननं. विल्यमचा पोरगा.

या टॉमसची करणी ऐका. १७३७ साली पेनच्या पोरांनी एक जुना कागद पुढं केला : माणूस दीड दिवसात चालेल तेवढी जमीन आमची. लेनापेंना वाटलं, माणूस चालतो तसा चालेल. यांनी आधीच रान तोडून वाट पाडली, चलाख पायांचे तीन गडी पैसे देऊन लावले. दोघं वाटेत गळाले, तिसरा साठ मैलांच्या वर गेला. तेवढा मुलूख गिळला! ती दौड सुटली बक्स काउंटीतून. हिक्स त्याच काउंटीत जन्मला, तिथंच मेला.

बापानं तह केला, लेकानं जमीन ढापली, वर तहाचं चित्र काढून घेतलं. आणि हिक्सनं त्याच्यापुढं कोकरू बसवलं. लेनापे कुठं? ओक्लाहोमात, विस्कॉन्सिनात, कॅनडात.

आपल्याला हे काय नवं हाय का राव? कॅलेंडरवरचं गाव बघा. देऊळ, पार, विहीर, पाणी भरणाऱ्या बाया. त्या विहिरीला कुणी शिवायचं नाही, हे रंगात उतरत नाही. गावकुसाबाहेरचा वाडा चौकटीच्याही बाहेर. म्हणून तर गाव शांत! १९७२ त मुंबईत आपल्या पोरांनी पँथर नाव घेतलं, अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून. अजून कुणी सभ्य माणूस विचारतो, एवढं हिंस्र नाव कशाला? त्याला बिबळ्या पायजे, पण हिक्सचा.

२००४ साली लेनापेंच्याच एका राष्ट्रानं, डेलावेअर नेशननं, त्या दौडीत गेलेल्या जमिनीपैकी तीनशेवर एकरांसाठी दावा लावला. लढाईला नाही, कोर्टात गेले. २००६ त अपील कोर्टानंही दावा फेटाळला : फसवणूक झाली असं धरलं तरी हक्क संपला तो संपला.

घ्या कडबा.