बंडखोरांचे सोवळे

डेथ मेटल आणि ग्राइंडकोर या संगीतप्रकारांकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत आणि दोन्ही सारख्याच आळशी आहेत. पहिली रीत अभिजनांची. तिच्या लेखी हा सारा गोंगाट आहे. त्यात तारतम्य पाहावे असे काही नाही. दुसरी रीत या संगीताच्या निष्ठावंतांची. त्यांना तारतम्य दिसते, परंतु ते सोवळ्याओवळ्याचे असते : कोणते वाद्य चालेल आणि कोणत्या वाद्याने विटाळ होईल, एवढीच त्यांची चिकित्सा. बाहेरच्यांची उपेक्षा या संगीताने सहज पचवली. आतल्यांच्या सोवळ्याने मात्र त्याची वाढ रोखली. कीबोर्ड या वाद्याला तेथे मिळालेली वागणूक हा त्याचा पुरावा आहे.

या संगीताचा जन्मच नकारातून झाला. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या औद्योगिक शहरातील नेपाम डेथ या गटाची ‘स्कम’ ही ध्वनिमुद्रिका १९८७ साली नॉटिंगहॅमच्या इअरेक या छोट्या संस्थेने काढली. तीतील एक गीत जेमतेम सव्वा सेकंदाचे आहे. गाणे म्हणजे काय, या प्रश्नालाच दिलेले ते आव्हान होते. त्याच सुमारास अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, विशेषतः टॅम्पा शहराच्या परिसरात, डेथ मेटल आकाराला येत होते : खालच्या पट्टीत उतरवलेल्या गिटारी, घशातून काढलेला खर्जातला गुरगुराट आणि अखंड कोसळणारे ढोल. सुरेलपणाचे सारे संकेत झुगारणाऱ्या या कलेत निषिद्ध असे काही उरू नये, ही अपेक्षा स्वाभाविक होती. प्रत्यक्षात निषेधांची यादी लवकरच तयार झाली आणि तीत कीबोर्डचा क्रमांक वरचा होता.

हा बहिष्कार सरसकट नव्हता, हे विशेष. कॅलिफोर्नियातील पझेस्ड या गटाच्या ‘सेव्हन चर्चेस’ (१९८५) या ध्वनिमुद्रिकेचा आरंभच ‘द एक्झॉर्सिस्ट’ या चित्रपटामुळे गाजलेल्या सुरावटीने होतो. मॉर्बिड एंजल या गटाच्या ‘ब्लेस्ड आर द सिक’ (१९९१) या ध्वनिमुद्रिकेत कीबोर्डवरील स्वतंत्र तुकडे आहेत. त्याला कोणी हरकत घेतली नाही. कीबोर्डने प्रस्तावना करावी, दोन गीतांमधली पोकळी भरावी, ओसरीवर बसावे. माजघरात येऊ नये, एवढीच अट होती.

ही अट मोडली नॉक्टर्नस या गटाने. मॉर्बिड एंजलमधून बाहेर पडलेल्या माइक ब्राउनिंगने तो १९८७ साली टॅम्पामध्ये स्थापन केला आणि १९९० साली इअरेकनेच त्याची ‘द की’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. ब्राउनिंग एकाच वेळी ढोल वाजवतो आणि गातो. लुई पँझरचा कीबोर्ड पाहुणा म्हणून नव्हे, तर गटाचा पूर्ण घटक म्हणून वाजतो.

तेथे कीबोर्ड काय करतो, हे आक्षेपकांनी कानांनी तपासावयास हवे होते. डेथ मेटलमध्ये तळहाताने दाबलेल्या तारांचे स्वर तुटक असतात. गिटार, बास आणि कंठ हे तिघेही खालच्या सप्तकांत दाटी करतात. वरचा अवकाश पुष्कळदा रिकामा राहतो. पँझरचे दीर्घ, न तुटणारे स्वर त्या अवकाशात उभे राहतात. खाली काळ धापा टाकीत धावतो आणि वर तोच काळ थिजल्यासारखा वाटतो. ध्वनिमुद्रिकेच्या उत्तरार्धात काळातून मागे जाऊन ख्रिस्ताला जन्मतःच नष्ट करू पाहणाऱ्या माणसाची कथा आहे. दोन काळ एकाच वेळी ऐकू येणे ही त्या कथेची गरज होती. कथेतील पाखंड बाळबोध आहे, हे मान्य करावे. रचनेतील सूझ मात्र बाळबोध नाही.

आता आक्षेपांकडे वळावे. कीबोर्ड कृत्रिम आहे, असे म्हटले जाते. परंतु या संगीतातील गिटारीचा खरखरीत आवाज तरी झाडाला लागतो काय? स्वीडनच्या एन्टूम्ड या गटाच्या ‘लेफ्ट हँड पाथ’ (१९९०) या ध्वनिमुद्रिकेतील करवतीसारखा नाद एका जपानी कंपनीच्या पायाने दाबावयाच्या विद्युत्-पेटीतून आला आणि त्याला अस्सलपणाचे प्रमाणपत्र मिळाले. दुसरा आक्षेप बाजारूपणाचा. शिशुख्रिस्ताच्या वधाची कथा सांगून कोणता बाजार जिंकावयाचा होता, हे आक्षेपकांनीच सांगावे. तिसरा आक्षेप मवाळपणाचा. त्याला उत्तर सॅन डिएगोच्या द लोकस्ट या गटाने दिले. त्यांच्या ‘प्लेग साउंडस्केप्स’ (२००३) या ध्वनिमुद्रिकेत सुमारे एकवीस मिनिटांत तेवीस रचना आहेत आणि तीत कीबोर्डच सर्वांत बोचरा आहे. तो गिटारीला गोडवा देत नाही. तिच्यावर ओरखडे काढतो.

याचा अर्थ प्रत्येक कीबोर्ड समर्थनीय आहे, असा नव्हे. पुढे जड संगीताच्या अनेक शाखांत तो मखरासारखा वापरला गेला : मूर्ती कोणतीही असो, आरास तीच. म्हणून कसोटी वाद्याची नसावी, वापराची असावी. वाद्य काढून घेतले असता रचना मोडते काय, हा एकच प्रश्न विचारावा. ‘द की’मधून कीबोर्ड काढला, तर काळाचे ते दुहेरी भान नाहीसे होते. आरास काढली, तर मूर्ती जशीच्या तशी राहते.

ब्राउनिंगला ‘थ्रेशोल्ड्स’ (१९९२) नंतर स्वतःच स्थापन केलेल्या गटातून बाहेर पडावे लागले. ‘द की’ची कथा त्याने नॉक्टर्नस एडी या नव्या नावाने ‘पॅराडॉक्स’ (२०१९) मध्ये पुढे नेली. मध्ये एकोणतीस वर्षे गेली. या वर्षांचा हिशेब केवळ बहिष्काराच्या खाती मांडणे अन्यायाचे होईल. तथापि जी कला प्रश्न विचारीत जन्मली, तिने आपल्यातल्या प्रश्नकर्त्याला कडेला ठेवले, हा ठपका निष्ठावंतांवरून पुसला जात नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला या दूरच्या वादात आपले काही नाही, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु प्रत्येक बंडखोर वाङ्मयप्रवाहापुढे कधीतरी हाच प्रश्न उभा राहतो. काल ज्याने संकेत मोडले, तो आज मोडण्याची एकच रीत प्रमाण मानू लागतो. त्याची भाषा बंडाचीच राहते. हाती मात्र पंचपात्री आलेली असते. प्रस्थापितांचे सोवळे निदान उघड असते, त्याच्याशी झुंज देता येते. बंडखोरांचे सोवळे बंडाच्याच वेषात वावरते, म्हणून ते आधी ओळखावे लागते.