आपला नाला बेळगावात, आपला इंजिनिअर हिंजवडीत

आमच्या काकांचं शिवार वडगाव-येळ्ळूरच्या बाजूला, बळ्ळारी नाल्याला लागून. बेळगावच्या माणसाला एवढं सांगितलं की पुढचं कळतं. लावणी झाली की नाला फुगतो, पाणी शिवारात उभं राहतं, रोप कुजतं, मग दुबार लावणी. त्यानंतर निवेदन, पेपरात फोटो, साहेबांची पाहणी. पुढच्या पावसाळ्यात परत तेच.

मागच्या वर्षी काकांबरोबर मी एका कार्यालयात गेले. निवेदन मराठीत होतं म्हणून ते परत केलं. घटनेच्या कलम 350 प्रमाणे तक्रारीचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो, हे मी तिथं सांगितलं. राज्यशास्त्र शिकते, तेवढं पाठ आहे. थोडी वादावादी होऊन अर्ज घेतला. मग साहेबांनी टेबलावर एक नकाशा पसरला आणि म्हणाले, सगळं नियमाप्रमाणे आहे. मी गप्प. कलम सांगता आलं, पण नकाशा वाचता येईना.

परवानगी घेऊन फोटो काढला आणि दादाला पाठवला. दादा, म्हणजे काकांचा मुलगा, सिव्हिल इंजिनिअर. शिकला बेळगावात, नोकरी हिंजवडीत आणि तीही सॉफ्टवेअरची. दहा मिनिटांत त्याचा फोन आला. "मोरीचं तोंड किती ते दिलंय. पण वरून किती एकराचं पाणी येतं, किती पाऊस धरून मोरी काढलीय, तो हिशेबच दिसत नाही. तो मागा."

काका म्हणाले, "आणि हे आत्ता सांगूलालास व्हय?"

दादा म्हणाला, "मला आजवर विचारलंच कुणी?"

मित्रांनो, माझा सगळा राग त्या एका वाक्यावर आहे. सीमाभागात इंजिनिअर कमी नाहीत. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय 1998 पासून बेळगावातच आहे. पण जिथं मोरीचा आकार ठरतो, कालव्याची वाट ठरते, तिथं आपल्या घरातल्या या ज्ञानाला बसायला खुर्ची नाही. अशी खुर्ची तयार करता येते. तिला पॉलिसी फेलोशिप म्हणतात.

अमेरिकेतलं उदाहरण घ्या. तिथल्या ट्रिपल-एएस या विज्ञान संस्थेनं 1973 मध्ये सात शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर वर्षभरासाठी वॉशिंग्टनला संसदेत कामाला पाठवले. मेकॅनिकल इंजिनिअरांची संघटना पहिल्या वर्षापासून त्यात होती. पुढे दरवर्षी शेकडो फेलो संसद सदस्यांच्या ऑफिसात आणि सरकारी खात्यांत बसू लागले. अट पीएचडीची, इंजिनिअर असेल तर मास्टर्स आणि तीन वर्षांचा अनुभव. हा माणूस मत देत नाही, निर्णय घेत नाही. विधेयक वाचतो, आकडे तपासतो आणि ज्याला मत द्यायचंय त्याला साध्या भाषेत समजावतो. रश होल्ट नावाचे भौतिकशास्त्रज्ञ 1982 मध्ये असेच फेलो म्हणून गेले आणि पुढे स्वतःच निवडून येऊन सोळा वर्षं संसदेत बसले.

तिथंही सगळं गोड नाही. संसदेला तंत्रज्ञानावर सल्ला देणारं एक स्वतंत्र कार्यालय 1972 मध्ये काढलं होतं. 1995 मध्ये नव्या बहुमतानं त्याचे पैसे तोडून ते बंद पाडलं. म्हणजे सल्ला नकोसा झाला की सल्लागार जातो. तरी फेलोशिप टिकली, कारण तिची माणसं एका इमारतीत नव्हती, शेकडो टेबलांवर पसरलेली होती.

आता आपल्याकडे बघा. केंद्राच्या विज्ञान तंत्रज्ञान विभागानं धोरण संशोधनाची केंद्रं काढली, ती बेंगळुरूच्या आयआयएससीत, दिल्लीच्या आयआयटीत, चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात वगैरे. काम चांगलं असेल, पण ते विद्यापीठात. पीआरएस ही संस्था 2010 पासून खासदारांना तरुण सहायक देते, पण ती सरकारी योजना नाही आणि तिथं इंजिनिअरच हवा असंही नाही. महाराष्ट्रानं 2015 मध्ये मुख्यमंत्री फेलोशिप सुरू केली. पदवी, एक वर्षाचा अनुभव, मराठीचं ज्ञान. ही त्यातल्या त्यात जवळची, पण तीही खास शास्त्रज्ञांसाठी नाही.

आणि गरज सगळ्यात जास्त कुठं आहे? आपल्या पट्ट्यात. म्हादई खानापूरच्या जंगलात उगम पावते. लवादानं 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42 टीएमसी पाणी दिलं. कणकुंबीच्या माणसाला आणि खाली सत्तरीतल्या माणसाला टीएमसी म्हणजे काय, हे कुणी बसून सांगितलं? कृष्णेचं तसंच. 2019 ला पूर आला, सांगली-कोल्हापूरपासून चिकोडी-अथणीपर्यंत गावं बुडाली आणि सगळ्यांच्या तोंडी अलमट्टी. महाराष्ट्रानंच नेमलेल्या वडनेरे समितीनं 2020 मध्ये सांगितलं की त्या पुराला अलमट्टी जबाबदार नव्हतं. पटो न पटो, तो अहवाल उघडून आमदाराला आकडे दाखवणारा माणूस किती आमदारांकडे आहे? भाषणं मात्र दोन्हीकडे जुनीच चालू आहेत.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला: फेलोशिप म्हणजे कायमची भरती टाळून वर्षाच्या करारावर पोरं राबवणं. हा आक्षेप खरा आहे. म्हणून फेलो हा रिकाम्या पदाच्या जागी नको, पदं भरून वर हवा. दुसरा: तज्ज्ञांचं राज्य आणायचंय का? मुळीच नाही. तज्ज्ञ सांगेल, ठरवतील निवडून दिलेलेच. आज उलटं होतंय. "टेक्निकल आहे, तुम्हाला कळणार नाही" असं सांगून शेतकऱ्याचं तोंड बंद करतात आणि निर्णय कुणी घेतला ते शोधून सापडत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट करूया. सुवर्णसौधमध्ये हिवाळी अधिवेशनापुरती माणसं येतात आणि जातात. तिथं वर्षभर बसणारे विज्ञान फेलो हवेत, पाणी, शेती आणि रस्ते या विषयांचे. निम्म्या जागा जिल्ह्यातल्या कॉलेजात शिकलेल्यांना. फेलोनं लिहिलेलं प्रत्येक टिपण जाहीर आणि कन्नडबरोबर मराठीतही. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांवर असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या, हे तत्त्व देशानं कधीच मान्य केलंय. मग नाल्याचा हिशेब त्यातून वगळायचं कारण काय? हीच मागणी मुंबईत आणि पणजीतही करायची, कारण पाणी तिथूनही येतं आणि तिथंही जातं.

आणि थोडं आपल्यालाही ऐकवते. आपण मोर्चाला जातो, पण आराखडा मागवत नाही. इंजिनिअर पोरांना राजकारण घाण वाटतं आणि आम्हा आर्ट्सवाल्यांना आकडे बघितले की घाम फुटतो. कन्नड लिहिता आलं तर भाषेशी गद्दारी होत नाही. उद्या त्या खुर्चीवर बसायचं असेल तर कन्नड कागद वाचता आलाच पाहिजे.

दादानं सांगितलेला हिशेब आम्ही माहिती अधिकारात मागितलाय, अर्ज मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही. उत्तर आलं की तो कागद कुणाला वाचायला द्यायचा, हा प्रश्न आहेच. यंदा दादा आहे. ज्यांच्या घरी दादा नाही, त्यांनी काय करायचं?

तुमच्या गावच्या नाल्याचा, कालव्याचा, रस्त्याचा आराखडा मागवा. आणि हिंजवडीत, बेंगळुरात बसलेल्या आपल्या इंजिनिअर दोस्तांना आज एक फोन करून तो वाचायला लावा. त्यांना कुणी विचारलं नाही, निदान आपण तरी विचारूया.