दीड हजार लोकवस्तीच्या गावात 27 हजार जन्म: शेंदुरसनी प्रकरणात ‘मॅपिंग’ म्हणजे नेमकं काय?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात शेंदुरसनी नावाची ग्रामपंचायत आहे. लोकसंख्या साधारण दीड हजार. सप्टेंबर ते नोव्हेंबर 2025 या तीन महिन्यांत या ग्रामपंचायतीच्या नावावर सरकारी पोर्टलवर तब्बल 27,397 जन्मांची नोंद झाल्याचं समोर आलं. मृत्यूच्या नोंदी होत्या फक्त 7.

महाराष्ट्राचा जन्मदर हजारी सुमारे 15 आहे. त्या हिशेबाने दीड हजारांच्या गावात वर्षाला 22-23 बाळं जन्माला येतात. म्हणजे पोर्टलवर तीन महिन्यांत दिसलेला आकडा गाठायला गावाला बाराशे वर्षं लागली असती.

प्रकरण उघड झाल्यावर यवतमाळमध्ये गुन्हा दाखल झाला. भारतीय न्याय संहिता आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं लागली. राजकीय आरोपही सुरू झाले. पण या सगळ्यात एक तांत्रिक शब्द वारंवार येत राहिला, तो म्हणजे ‘मॅपिंग’.

सीआरएस म्हणजे काय?

सिव्हिल रजिस्ट्रेशन सिस्टीम, म्हणजेच सीआरएस, हे जन्म-मृत्यू नोंदणीचं केंद्रीय पोर्टल आहे. भारताच्या महानिबंधकांच्या कार्यालयाकडे त्याची जबाबदारी आहे. नोंदणी मात्र गावपातळीवर होते. महाराष्ट्रात ग्रामपंचायत हद्दीत हे काम ग्रामसेवकाकडे असतं. त्यासाठी प्रत्येक नोंदणी केंद्राला पोर्टलवर स्वतंत्र आयडी मिळतो.

वेब पोर्टल असल्यामुळे लॉगिन कुठूनही करता येतं. त्यामुळे कोण, कुठल्या अधिकारात आणि कुठल्या हद्दीसाठी नोंद करू शकतो, हे सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ठरवून द्यावं लागतं. तिजोरीची किल्ली कुणाच्या हातात द्यायची, हे ठरवण्यासारखंच हे काम आहे.

मग ‘मॅपिंग’ कुठे आलं?

प्रत्येक यूजर आयडीला तीन गोष्टी जोडलेल्या असतात: व्यक्ती, तिचा अधिकार आणि तिचं कार्यक्षेत्र. या जोडणीला मॅपिंग म्हणतात. आर्णी तालुक्यातल्या ग्रामपंचायतीचा आयडी आर्णी तालुक्याच्याच साखळीत असायला हवा.

प्राथमिक तांत्रिक तपासणीत शेंदुरसनीचा सीआरएस आयडी मुंबईशी मॅप झालेला आढळला. 27,397 जन्मांच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या कार्यक्षेत्राबाहेरच्या असल्याचंही चौकशीत स्पष्ट झालं.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. पासवर्ड चोरीला गेला, तर चोर त्या आयडीला जेवढे अधिकार आहेत तेवढंच करू शकतो. मॅपिंग बदलायचं असेल, तर साधारणपणे वरच्या पातळीवरच्या लॉगिनची गरज पडते. त्यामुळे ‘ग्रामसेवकाचा पासवर्ड फुटला’ एवढ्या उत्तराने हे कोडं सुटत नाही. जोडणी कुणी बदलली, कुठल्या लॉगिनमधून आणि कधी, हा खरा प्रश्न आहे.

अशी चूक शोधतात कशी?

कुठल्याही वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये गडबड झाली की पहिली तपासणी ‘लॉग’ची होते. कोणत्या आयडीने, किती वाजता, कुठल्या आयपी पत्त्यावरून काय केलं आणि ओटीपी कोणत्या मोबाईलवर गेला, याची ती रोजनिशी असते. त्यानंतर सेटिंगमधले बदल तपासतात. मॅपिंग आधी काय होतं आणि नंतर काय झालं, हे जुळवून पाहिलं की बदलाची वेळ सापडते.

तिसरा प्रश्न धोक्याच्या घंटेचा. तीन महिन्यांत 27 हजार म्हणजे दिवसाला सरासरी 300 नोंदी. बँकेच्या कार्डावर अचानक मोठे व्यवहार झाले, तर बँक लगेच विचारणा करते. इथे नोव्हेंबरपर्यंत नोंदी होतच राहिल्या. म्हणजे एवढ्या वेगाला अटकाव करणारी अट एकतर नव्हती किंवा ती लागू पडली नाही. प्रकरण सापडलं ते उशिरा झालेल्या नोंदींच्या पडताळणीत.

अशा चुका जगात नव्या नाहीत. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ‘ओवास्प’ या संस्थेच्या 2021 च्या धोक्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर अधिकारांवरचं ढिलं नियंत्रण होतं, तर पाचव्या क्रमांकावर चुकीचं कॉन्फिगरेशन.

एका दाखल्याने एवढा काय फरक पडतो?

जन्म-मृत्यू नोंदणी कायदा 1969 चा. त्यातली दुरुस्ती 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाली. त्या तारखेपासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, आधार अशा अनेक कामांत जन्मदाखला हाच जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा ठरतो.

शिवाय अशा प्रकारे तयार झालेला दाखला छापखान्यातल्या बनावट कागदासारखा नसतो. नोंद खऱ्या पोर्टलवरच असल्यामुळे ती रद्द होईपर्यंत पडताळणीतही दाखला खराच दिसणार. म्हणून हे प्रकरण नेहमीच्या बोगस दाखल्यांपेक्षा गंभीर आहे.

नोंदी डिलीट करून टाकल्या तर?

कायदा तशी मुभा देत नाही. 1969 च्या कायद्यातल्या कलम 15 नुसार फसवणुकीने झालेली नोंद रद्द करता येते, पण मूळ नोंद न बदलता, तिच्या समासात तसा शेरा मारून. हे योग्यही आहे, कारण नोंद पुसली तर पुरावाही पुसला जाईल. मात्र त्या दाखल्यावर दुसरं एखादं कागदपत्र निघालं असेल, तर ते देणाऱ्या कार्यालयालाही कळवावं लागेल. फक्त सीआरएसची साफसफाई पुरणार नाही.

सामान्य माणसाला झळ कशी बसते?

राज्यात उशिराच्या जन्मनोंदींवरून वाद पेटल्यावर जानेवारी 2025 मध्ये असे दाखले देणं थांबवण्यात आलं आणि मार्चमध्ये नवी, कडक कार्यपद्धती आली. प्रत्येक घोटाळ्यानंतर कागदपत्रांची एक पायरी वाढते. घरी बाळंतपण झालेली बाई, पारधी बेड्यावरचं कुटुंब किंवा ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेलं जोडपं यांच्यासाठी ती पायरी म्हणजे बुडालेली मजुरी आणि तालुक्याला आणखी एक फेरी.

त्यामुळे आरोपी पकडले जाणं जितकं गरजेचं, तितकंच सेटिंग दुरुस्त होणं. मॅपिंग बदलताना दोन अधिकाऱ्यांची मंजुरी, लोकसंख्येच्या मानाने नोंदींची मर्यादा आणि दर महिन्याला ग्रामपंचायतीला तिच्या नावावरच्या नोंदींचा आकडा कळवणं, हे उपाय महागडे नाहीत. आपल्या गावात महिन्याला किती बाळं जन्मली, हे शेंदुरसनीतली कुठलीही आशाताई सांगू शकली असती. तिला कुणी विचारायला हवं होतं.