गाडी अंगाला बसवणे

एखाद्या शब्दाने कौतुक करता करता अवमूल्यनही करावे, असे भाषेत नेहमी घडते. 'जुगाड' हा सध्याचा तसा शब्द आहे. हिंदीतून तो मराठीत आला आणि व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांतही जाऊन बसला. २०१२ साली 'जुगाड इनोव्हेशन' या नावाचे इंग्रजी पुस्तकच निघाले. साधने नसताना डोके चालवून वेळ मारून नेणारा कल्पक माणूस, अशी एक प्रतिमा त्यातून तयार झाली. या प्रतिमेविषयी माझी तक्रार आहे आणि ती एका जुन्या मोटारसायकलीच्या निमित्ताने मांडायची आहे.

मी जळकोटला राहतो आणि उदगीरला तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचे. बालाघाटाचा चढउताराचा मुलूख, हंगामात उसाच्या ट्रॉल्या, गावोगावचे गतिरोधक. एसटीच्या वेळा आणि तासिकांच्या वेळा यांचा मेळ बसत नाही; आणि जी तासिका बुडते तिचे मानधनही बुडते. म्हणून शंभर सीसीची एक जुनी गाडी घेतली. पंधरा वर्षांची नोंदणी संपून पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण झालेली. वर्षभरात कंबर अशी धरली की वर्गात फळ्याकडे वळणे अवघड झाले. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले आणि दुचाकी सोडण्याचा सल्लाही दिला. दुचाकी सोडणे म्हणजे माझ्यापुरते शिकवणे सोडणे होते.

ही तक्रार घेऊन मी गावातल्या मिस्त्रीकडे गेलो. माझी अपेक्षा अशी की तो शॉकअप बदलायला सांगेल. त्याने गाडी सुरूसुद्धा केली नाही. म्हणाला, "अगुदर गाडीवर बसून दाखवा सर. तुमी कसं बसायलाव ते बगू द्या." गाडी मधल्या स्टँडवर लावून त्याने मला बसवले आणि बाजूला उभा राहून मनगट, कोपर, पाठ, गुडघे या क्रमाने माझ्याकडे पाहत राहिला. मग गाडीकडे वळला. कॅरियरच्या दोन्ही बाजू खाली वाकलेल्या, सीटचा मागचा भाग बसलेला, एक शॉकअप दुसऱ्यापेक्षा अधिक दबलेला. "ह्या गाडीनं दुधाच्या कॅनी वाहिल्यात," तो म्हणाला. मला गाडी विकणारा खरोखरच दूध घालत असे. ते मी मिस्त्रीला सांगितले नव्हते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या ठिकाणी क्षणभर थांबावे. हस्तलिखिताच्या झिजलेल्या कडांवरून त्याच्या वापराचा अंदाज बांधणाऱ्या अभ्यासकाला आपण विद्वान म्हणतो. वाकलेल्या कॅरियरवरून आधीच्या मालकाचा व्यवसाय ओळखणाऱ्याला मात्र आपण 'हुशार आहे हो' एवढेच म्हणतो.

पुढे दोन दिवस जे काम झाले ते असे. मागच्या चिमट्याचे बुश झिजले होते, त्यामुळे खड्ड्यात चाक किंचित तिरके होत असे आणि तो हिसका मणक्यापर्यंत येई, ते बदलले. दबलेला शॉकअप निकामी होता. नवी जोडी घालून दोन्ही शॉकअप माझ्या वजनाच्या मानाने एकाच खाचेवर आणले. चाकाचे सैल आरे आवळले, साखळीचा ताण नीट केला. हँडलचे नटबोल्ट सैल करून ते थोडे माझ्याकडे वळवले. मग ते दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून पाहिले, कारण हँडलची जागा बदलली की क्लचची किंवा ब्रेकची केबल ताणली जाण्याचा धोका असतो. क्लच आणि ब्रेक यांचे दांडे थोडे खाली झुकवले, जेणेकरून बोटे त्यांवर ठेवली असता मनगट वर मुडपणार नाही. गियरचा दांडा एक दात खाली घेतला. शेवटी सीट. मला जाड, मऊ फोम हवा होता. मिस्त्रीने नकार दिला. "मऊ सीट आन् आरामाची सीट येगळी असती, सर. मऊवर माणूस बुडतो, मग खालचा पत्रा लागतो." कुशनवाल्याने त्याच्या सांगण्यावरून खाली कठीण आणि वर पातळ मऊ असा दोन थरांचा फोम बसवला आणि सीटचा टाकीकडे जाणारा उतार काढून टाकला. त्या उतारामुळे मी सारखा पुढे घसरत होतो आणि स्वतःला हातांनी मागे रेटत होतो. कंबरेचे अर्धे दुखणे त्या रेटण्यात होते. व्यायाम मी आजही करतो, कारण दुखणे संपूर्ण गेलेले नाही. पण शेवटच्या तासिकेपर्यंत उभा राहतो.

एका सहकाऱ्याने सीट पाहून म्हटले, "मस्त जुगाड केलंत!" तेव्हापासून तो शब्द मला टोचतो आहे. जुगाडात नेमकेपणा गृहीत नसतो. येथे एका दाताचा, एका खाचेचा हिशेब होता. जुगाड तात्पुरता असतो. हे काम टिकण्यासाठी केलेले होते. आणि जुगाडात ज्ञानापेक्षा चलाखीला श्रेय जाते. मिस्त्री स्वतः त्याच्या कामाला काय म्हणतो? तो म्हणतो, 'बसवलं'. हँडल बसवले, बुश बसवले, आणि एकदा हसत, 'सरांना बसवलं'. मराठीत कपडा अंगाला बसतो, सूर बसतो, हात बसतो, घडी बसते. दोन गोष्टींनी परस्परांना जागा करून देणे, असा एक अर्थ या क्रियापदात आहे. याच्या उलट 'भागवणे' हे क्रियापद आहे. तारेने बांधून गाडी घरापर्यंत नेली तर मिस्त्री सांगतो, 'सध्या भागवलंय'. हा भेद त्याच्या भाषेत स्पष्ट आहे. आपण दोहोंवर 'जुगाड' हा एकच शिक्का मारून तो पुसून टाकतो.

येथे रॉबर्ट पर्सिग यांच्या १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' या पुस्तकाची आठवण अपरिहार्य आहे. त्यात एका मित्राच्या महागड्या गाडीचे हँडल सैल होते. निवेदक सुचवतो की बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून आत घालावी. त्या कामाला तो पत्रा अगदी योग्य आहे. मित्राला ते अपमानास्पद वाटते. निवेदक धातूचा गुणधर्म पाहतो, मित्र डबा पाहतो. पर्सिग यांनी या प्रसंगातून जगाकडे पाहण्याच्या दोन दृष्टींचा विचार उभा केला. परंतु त्यांचा निवेदक स्वतःच स्वार आहे, स्वतःच मिस्त्री आणि स्वतःच लेखक. आपल्याकडे ही तीन माणसे वेगळी असतात. ज्याचा हात वंगणात असतो त्याच्या हाती लेखणी नसते, आणि या विभागणीला आपल्या समाजात जातीचा मोठा इतिहास आहे. त्यामुळे पर्सिग यांचा प्रश्न मराठीत आणताना त्याचे रूप बदलते. यंत्राकडे कसे पाहावे, हा प्रश्न आपल्यापुरता दुय्यम ठरतो. यंत्र जाणणाऱ्याचे ज्ञान लिहिले का जात नाही, हा मुख्य ठरतो.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली आला. त्यातल्या मतांशी आज वाद घालता येतो, घालावाही. पण गावच्या कारूनारूंची कामे नोंदवण्याजोगी आहेत, एवढे त्या ग्रंथाने मराठी गद्याला दाखवून दिले. बैलगाडीचे तुंबा, आरे, धाव, जू हे शब्द आपल्या कोशांत आहेत आणि ग्रामीण कथेत ते आले की आपण त्यांना अस्सल म्हणतो. मोटारसायकल मात्र आपल्या समीक्षेच्या लेखी गाव बिघडल्याची खूण असते. वास्तविक १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, १९९४ साली हिरो होंडाची स्प्लेंडर आली, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत मराठवाड्यातले दूध, भाजी, शिक्षक, आजारी माणूस, सारे याच वाहनाने हलू लागले. एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा मीही याच गाडीने गेलो आणि खेड्यापाड्यांतले कितीतरी वाचक तसेच आलेले पाहिले. चिमटा, बुश, शॉकअप हे शब्द आजच्या गावगाड्याचे आहेत. 'चिमटा' तर स्वयंपाकघरातून उचलून चाक धरणाऱ्या दुबेळक्याला दिलेला किती नेमका शब्द आहे!

एक आक्षेप रास्त आहे. गाडीत मनाला येईल ते फेरफार करणे म्हणजे ज्ञान नव्हे. कर्कश सायलेन्सर लावणारे तरुण आपण रोज पाहतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाचा नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याला दुजोरा दिला. माझ्या मिस्त्रीनेही रुंद टायर घालायला नकार दिला होता. चिमट्याला घासेल म्हणाला. कुठे थांबायचे हे कळणे हाही 'बसवणे' या शब्दाचाच भाग आहे.

हे सारे नोंदवण्याची घाई का? १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला. बिघाड आता स्कॅनरच्या पडद्यावर वाचायचा असतो. त्याविषयी हळहळ नको; धूर कमी झाला हे चांगलेच आहे. पण कानाने इंजिन ऐकणारी आणि डोळ्याने स्वार वाचणारी पिढी आता साठीकडे झुकली आहे. दरवर्षी आपले विद्यार्थी लघुप्रबंधासाठी त्याच त्या कादंबऱ्यांतील ग्रामीण बोलीचे विशेष काढतात. त्यांच्यापैकी दोघांना जरी वही घेऊन महिनाभर एखाद्या गॅरेजात बसवले, तरी मराठीच्या कोशात भर पडेल.

मी सुरुवात केली आहे. दर रविवारी तासभर मिस्त्रीच्या गॅरेजात बसतो आणि शब्द उतरवून घेतो. माझ्या वहीकडे पाहून परवा तो म्हणाला, "सर, हे लिहून काय हुणार?" मला लगेच उत्तर देता आले नाही. त्याने हातातला पाना पुसला आणि म्हणाला, "बरं, लिहाच. पण नीट बसवून लिहा."